जुनी स्पोर्ट्‌स कार आणि लोकांनी मनातल्या मनात लावलेली तिची किंमत : आपले अनुभव

माझ्याकडे गेली अकरा वर्षे माझ्दा एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी आहे. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जी प्रथम दाखवली गेली, त्याच पहिल्या पिढीतली ती आहे : १.६ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, बटण दाबताच बोनेटमधून वर येणारे दिवे आणि हातानेच मागे दुमडायचे कापडी टप. मी ती घेतली त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाने नवी, चारचौघांसारखी पाच आसनी गाडी घेतली, आणि मी मोजलेली रक्कम तिच्या किमतीच्या एक तृतीयांशही नव्हती. तरी ‘याचे आता उत्तम चालले आहे’ अशी चर्चा नातेवाइकांत झाली ती माझ्याविषयी. भावाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. पुढच्याच वर्षी एका जवळच्या नातलगांनी घराच्या दुरुस्तीसाठी काही रक्कम उसनी मागितली. माझ्याजवळ ती खरोखरच नव्हती, आणि मी तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत. खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे त्यांनी एकदा पाहिले आणि ते उठले. त्यानंतर आमचे बोलणे पूर्वीसारखे राहिले नाही, आणि ती नजर मला अजून आठवते.

ज्यांच्याकडे अशी जुनी स्पोर्ट्‌स कार आहे किंवा होती, त्यांनी दोन गोष्टी प्रामाणिकपणे लिहाव्यात अशी विनंती आहे. लोकांनी गाडी पाहून काय ताडले, आणि प्रत्यक्षात खर्च कशावर झाला? रक्कम आकड्यांत लिहू नये, कारण ती जागोजागी वेगळी असते आणि मग चर्चा भलतीकडेच जाते. एखाद्या साध्या नव्या गाडीशी तुलना केली तरी पुरेसे आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर सर्वांत मोठा खर्च इंजिनावर झाला नाही, तो पत्र्यावर झाला. टपावरून ओघळणारे पाणी वाहून जावे म्हणून आसनांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक निचऱ्याचे भोक असते. त्यात पाला आणि माती अडकली की पाणी तुंबते, दाराखालच्या पोकळ पट्ट्यात मुरते आणि पत्रा आतून सडतो. बाहेरचा रंग तेव्हाही चकचकीतच दिसत असतो. मी बोटाने दाबले तेव्हा रंगाखालचा पत्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. तो कापून नवा बसवण्यात जे गेले, त्यात गाडीच्या खरेदीच्या रकमेचा मोठा हिस्सा उभा राहिला असता. आता दर काही महिन्यांनी मी लवचीक प्लॅस्टिकची नळी घालून ती भोके मोकळी करतो. त्याला पाच मिनिटे लागतात आणि खर्च काहीच येत नाही.

*

माझी गाडी पोर्शे ९४४ आहे, १९८७ ची. या नावापुढे लोकांना दुसरे काही दिसतच नाही. ही गाडी १९८२ ते १९९१ या काळात १ लाख ६० हजारांहून अधिक संख्येने तयार झाली, म्हणजे ती दुर्मीळ नव्हे, आणि तिचे इंजिन २.५ लिटरचे, चारच सिलिंडरचे आहे. मी ती एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली तेव्हा तितक्या पैशांत नवी गाडी सोडाच, चार-पाच वर्षे वापरलेली बरी गाडीही आली नसती. कार्यालयात मात्र पहिल्याच आठवड्यात कुजबुज सुरू झाली. पगारवाढीची बोलणी चालू असताना वरिष्ठ हसून म्हणाले, “तुम्हाला काय कमी आहे?” त्यांच्या मनात वाईट नसावे, पण मी त्या वर्षी माझी बाजू नीट मांडू शकलो नाही, हे मला आजही सलते.

आता खर्चाविषयी. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट आहे आणि कंपन कमी करणाऱ्या दोन बॅलन्स शाफ्टसाठी दुसरा बेल्ट आहे. टायमिंग बेल्ट चालू इंजिनात तुटला, तर वर आलेले पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचे मोठे काम निघते. त्यामुळे बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलणे आणि त्याचा ताण मोजून लावणे, यात चालढकल चालत नाही. क्लचची गोष्ट आणखी वेगळी आहे. वजनाचा तोल साधावा म्हणून या गाडीचा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी दिलेला आहे आणि इंजिनापासून तिथपर्यंत एक लांब नळकांडे जाते. क्लच बदलायचा म्हणजे सायलेन्सरची नळी उतरवणे आले, गिअरबॉक्स आला, ते नळकांडे मागे सरकवणे आले. क्लच प्लेट तशी फार महाग नाही. सगळे पैसे मजुरीत जातात. एका गॅरेजमध्ये मला सांगितलेला अंदाज ऐकून मी गाडी विकायच्या तयारीला लागलो होतो. नंतर दुसऱ्या मेकॅनिकने तेच काम, तेच भाग वापरून, त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक रकमेत केले. पहिल्या ठिकाणी बोनेटवरची मुद्रा पाहूनच भाव ठरला होता, असे माझे मत आहे.

मी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. पेट्रोल, ऑइल, टायर, विमा, अगदी वायपरचे रबरसुद्धा तिच्यात लिहिलेले आहे. नऊ वर्षांची सरासरी काढली तेव्हा दरवर्षीचा दुरुस्तीचा खर्च माझ्या शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या नव्या गाडीची किंमत दरवर्षी जितकी घसरत होती, त्याहून कमी निघाला. त्यांना मी वही दाखवली. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि म्हणाले, “पण माझी घसरण मला दिसत नाही, तुमचे बिल तुम्हाला दिसते.” मला वाटते, सगळ्या प्रश्नाचे मूळ यात आहे.

*

टोयोटा एमआर२, १९८४ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीतली. इंजिन आसनांच्या पाठीमागे असल्यामुळे आणि गाडी पाचरीसारखी दिसत असल्यामुळे पेट्रोल भरताना हमखास कोणीतरी विचारते, “इटलीची का?” प्रत्यक्षात ते १.६ लिटरचे, १६ व्हॉल्व्हचे इंजिन त्या काळच्या काही कोरोला गाड्यांतही होते. ऑइल फिल्टर, प्लग, गॅस्केट सहज मिळतात. मिळत नाहीत ते आतले प्लॅस्टिकचे भाग आणि दारांची रबरे. लोक इंजिनाच्या खर्चाची कल्पना करून हळहळतात, आणि मी सहा महिने एका खिडकीच्या रबरासाठी पत्रव्यवहार करत असते.

*

वरचे अनुभव वाचून लिहावेसे वाटले. माझ्याकडे पोर्शे बॉक्सटर आहे, १९९६ साली आलेल्या पहिल्या पिढीतली. मी स्त्री आहे, त्यामुळे मला विचारला जाणारा प्रश्न थोडा वेगळा असतो : “यजमान काय करतात?” गाडी माझी आहे, माझ्या बचतीतून घेतलेली आहे आणि माझे यजमान रोज बसने जातात, हे सांगितल्यावर समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होते, आणि मग गाडी कर्जावर घेतली का, असे विचारते. साध्या नव्या गाडीला कर्ज असेल, तर तो प्रश्न कोणी विचारत नाही.

या पिढीच्या गाड्यांच्या इंजिनात मधल्या शाफ्टला आधार देणारे एक बेअरिंग असते. ते निकामी झाले तर त्याचे तुकडे इंजिनभर फिरतात आणि बहुधा पूर्ण इंजिनच जाते. सगळ्या गाड्यांत तसे होत नाही, पण खरेदीच्या वेळी विक्री करणारे त्याविषयी बोलायला उत्सुक नव्हते. ते बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स आणि क्लच काढावाच लागतो. म्हणून क्लच झिजेपर्यंत थांबून दोन्ही कामे एकाच वेळी करून घेण्याचा मार्ग अनेक जण पत्करतात. मी तशी वाट पाहिली नाही. गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात क्लचमध्ये जीव असतानाही दोन्ही बदलून घेतले, कारण धाकधूक घेऊन गाडी चालवणे मला मान्य नव्हते. ती रक्कम मी गाडीच्या किमतीचाच भाग धरते. ‘स्वस्तात मिळाली’ असे मी कोणालाही सांगत नाही. ते खरे नाही.

*

माझा अनुभव वरच्या मंडळींच्या उलट आहे आणि तोही इथे असावा. १९८९ मध्ये आलेली फेरारी ३४८, ३.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन. माझ्या एका मित्राने ती घेतली आणि मी तिच्यात भागीदार झालो. त्या वेळी तिची किंमत इतकी उतरली होती की एखादी चांगली मोठी नवी गाडी तिच्याहून महाग पडत होती, आणि आम्ही दोघांनी याच एका तुलनेवर निर्णय घेतला. या गाडीचे टायमिंग बेल्ट बदलायचे तर इंजिन संपूर्ण खाली उतरवावे लागते. एकदा इंजिन उतरले की पाण्याचा पंप, होसपाइप, सील, जे जे जुने दिसेल ते सगळे बदलणेच शहाणपणाचे असते, नाहीतर तीच मजुरी पुन्हा पडते. पहिल्या मोठ्या सर्व्हिसचे बिल आले तेव्हा आम्ही ते टेबलावर ठेवून बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. लोक समजत होते की ही गाडी आम्हाला परवडत नसावी, आणि लोकांचे बरोबर होते. चार वर्षांनी आम्ही ती विकली. मैत्री टिकली, याचे समाधान आहे.

यावरून एक सांगावेसे वाटते. गाडीची बाजारातली किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ब्रेकची डिस्क किंवा हेडलाईट यांचे दर ती गाडी नवी असताना ज्या वर्गातली होती त्याच वर्गाचे राहतात. घेताना आजची किंमत पाहा, पण ठेवण्याचा हिशेब मूळ किमतीवर मांडा.

*

मी या गाड्यांचे काम करतो, म्हणून दोन शब्द. गाडी घेण्याआधी टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३०९ असेल तर टायर २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी पूर्ण शाबूत असते, कारण गाडी उभीच होती, पण रबर कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा शोषते. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, गाडी चालो न चालो. कमी चालवलेली गाडी म्हणजे कमी खर्चाची गाडी, हा गैरसमज मालकांतही आहे आणि पाहणाऱ्यांतही.

*

आमच्या घरातली गाडी माझ्या यजमानांची आहे, माझ्दा आरएक्स-७, तिसऱ्या पिढीतली. तिच्या रोटरी इंजिनात पिस्टन नसतात. त्रिकोणी रोटर फिरतात आणि त्यांच्या टोकांवरच्या सील झिजल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, जाते. हे इंजिन वंगणासाठी थोडे ऑइल जाळतेच, म्हणून पेट्रोल भरताना ऑइलही पाहायचे, हा आमच्याकडचा नियम आहे. आजवर इंजिन एकदा पूर्ण उघडून बांधावे लागले.

इथे बहुतेकांनी लोकांचा अंदाज चुकतो असे लिहिले आहे. पैशांच्या बाबतीत ते खरे असेल. पण या गाडीला आम्ही वेळ किती दिला, ते कुठल्याही वहीत नाही. कित्येक रविवार ते गाडीखाली होते आणि मुले लहान होती. मी तक्रार करत नाही. थोरली मुलगी दहाव्या वर्षी त्यांच्या हातात अचूक मापाचा पाना देऊ लागली, तो काळ मला प्रिय आहे. तरी माझी नणंद जेव्हा म्हणाली, “दादाची गाडी फार महाग पडते हं तुम्हाला,” तेव्हा मी नाही म्हटले नाही.

*

माझ्याकडे होंडा एस२००० होती. दोन लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन, आणि तरीही मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जाणारे. बारा वर्षे ती माझ्याजवळ होती. या काळात शेजारच्या काकांनी मला उधळ्या मानले, हे मला ठाऊक होते. त्यांच्या मुलाला ते माझे उदाहरण देत, आणि ते चांगले उदाहरण म्हणून नव्हे. या गाडीचे उत्पादन २००९ मध्ये थांबले, पुढे मागणी वाढत गेली, आणि गेल्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्यामुळे इतक्या खाली बसणे अवघड झाले तेव्हा मी ती, घेतली त्याहून अधिक किमतीला विकली. दुरुस्तीचा सगळा खर्च वजा केला तरी माझ्या हाती थोडे उरले.

गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी काका दारात आले. मोकळ्या जागेकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, “काही अडचण असेल तर संकोच करू नकोस, मी आहे.” मी त्यांना आत बसवले आणि गुडघ्याचे कारण सांगितले. किमतीचे सांगितले नाही.