चटईच्या भिंती आणि रात्रभर कल्ला: स्वस्त हॉस्टेलातल्या खोपटाचे अनुभव येऊ द्या

भाचीने काल गोव्यातल्या पाळोळ्याहून फोटो पाठवला. माडांमध्ये खांबांवर उभं केलेलं लाकडी खोपट, पुढे टीचभर व्हरांडा, त्यात टांगलेली झोळी. खाली लिहिलंय, "मावशी, कसलं शांत आहे इथे!" म्हटलं, रात्र होऊ दे बये.

लग्नाआधी ऑफिसातल्या आम्ही चौघी त्याच किनाऱ्यावर राहिलो होतो. प्लायवूड, बांबूच्या चटया, वर झावळ्या, झालं खोपट. खालचे वासे दोन खोपटांना मिळून एकच, त्यामुळे शेजारच्या काकांनी कूस बदलली की आमची खाट हलायची. मच्छरदाणीच्या भोकाला कुणीतरी बँडेजची पट्टी चिकटवलेली. न्हाणीघराला छप्परच नाही, वर सरळ माड, आणि माडावर नारळ. अंघोळ अशी भराभर उरकायचो की बस. समोरच हॉस्टेलचा सामायिक अड्डा, आणि तिथे एक गिटारवाला, ज्याला एकच गाणं यायचं, तेही अर्धं. तो दमला तेव्हा होड्यांची इंजिनं सुरू झाली! सकाळी डोळे चुरचुरत असताना खाल्लेली मिरची भजी मात्र अजून आठवते.

तुमचेही लिहा.

टवाळ_पोपट
गिटारवाला प्रत्येक हॉस्टेलात असतोच. मालक पगारावर ठेवतात असा माझा संशय आहे.

मंजिरी_क
खाट हलायची 😂😂 पण आता रात्री दहानंतर स्पीकर बंद असतात ना गोव्यात?

काणकोणकर
@मंजिरी_क, नियम देशभर आहे, 2000 सालचा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर नाही. पाळला कुठे जातो ते विचारू नका. पाळोळ्यात त्यावर तोड म्हणून हेडफोन पार्ट्या निघाल्या. एकदा लांबून बघाच. संगीत शून्य, माणसं घामाघूम नाचतायत, आणि मधेच सगळे मिळून बेसूर बोंबलतात. मूळ गाणं आपल्याला ऐकूच येत नाही, नुसती बोंब. त्यापेक्षा स्पीकर परवडला.

आणि ताई, ती खोपटी पावसाआधी उतरवावी लागतात. किनाऱ्यालगत पक्कं बांधकाम चालत नाही. दिवाळीच्या आगेमागे परत उभी. आमच्या वाड्यावर फळ्यांना ऑइलपेंटने नंबर घालून ठेवतात, तरी दर साली एखादी खिडकी उलटी बसतेच. कडी बाहेरून!

शेवटचा_डबा
हंपी. नदीपलीकडे विरुपापूर गड्डी. मातीच्या भिंतींची खोली, दारात झोपाळा, समोर भातखाचरं. संध्याकाळची होडी चुकली की तुंगभद्रेच्या अलीकडेच अडकायचं, म्हणून सगळे उन्हं उतरायच्या आत परत. मग तेवढ्या माणसांनी रात्री करायचं काय? ढोल. परदेशी पोरं शिकाऊ, त्यामुळे ठेका सापडेपर्यंत मध्यरात्र. मला अर्धशिशी, कल्पना करा.

आता ते काहीच नाही तिथे. 2020 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने बांधकामं बेकायदा ठरवली, मार्चमध्ये पाडली. वारसास्थळाचा भाग, कोर्टाचं बरोबरच आहे. पण आमच्या झोपाळ्याची मालकीण सकाळी नाचणीची आंबील द्यायची, ती कुठे गेली असेल असं येतं मनात.

अवनी०९
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. गोकर्ण, कुडले बीच. रात्रभर डोक्यावर कुर्र कुर्र. नवरा म्हणे उंदीर. सकाळी उशीवर पिवळट पीठ! पिठलं करता येईल एवढं. बांबू पोखरणारे किडे निघाले. पलीकडच्या डॉर्ममध्ये वाढदिवस चालला होता त्याचं काहीच वाटलं नाही, मी कुर्र कुर्रच मोजत बसले.

बांबूवाला_सावंतवाडी
@अवनी०९, तो बांबू न मुरवता वापरला असणार. कापल्यावर ओढ्यात नाहीतर तळ्यात काही आठवडे बुडवून ठेवायचा. आतला स्टार्च निघून जातो, किडीला खायला उरत नाही. आमचे वडील अमावास्येच्या आसपासच तोडायचे. पावसाळ्यात कोवळा तोडलात तर वर्षभरात भुगा ठरलेला. हल्ली बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवतात, तेही चांगलं. माणग्याची जात घ्या

टवाळ_पोपट
काका, आम्ही एका रात्रीसाठी खोपट घेतो, बांधत नाही 🙏

बांबूवाला_सावंतवाडी
बांधा की. वासे स्वतंत्र घाला म्हणजे शेजारच्यांबरोबर खाट हलणार नाही.

हिमाली
हिमाचलात कसोलला उलट झालं. लाकडी खोली, फळ्यांतल्या फटींतून बोट जाईल एवढी हवा, मधोमध ऊब द्यायला लोखंडी तंदूर, म्हणजे शेगडी. खाली कॅफेत दणदणाट चालू असं दिसत होतं, म्हणजे माणसं उड्या मारत होती. पण पार्वती नदीचा आवाजच इतका की बाकी काही ऐकू येईना. आईला फोन लावला तर ती म्हणे, एवढा पाऊस पडतोय तर बाहेर कशाला फिरतेस?

मंजिरी_क
आई ती आईच 😄
@काणकोणकर, रेल्वेने यायचं तर कुठे उतरायचं? सोबत सासूबाई आहेत, त्यांना खोपटाचं सांगितलेलं नाही.

काणकोणकर
काणकोण स्टेशन अगदी जवळ, पण थोड्याच गाड्या थांबतात. नाहीतर मडगाव, तिथून कदंब बस. वाटेत करमल घाट आहे, आलेपाक जवळ ठेवा. सासूबाईंसाठी किनाऱ्यापासून आत, गावातली पक्की खोली बघा, कुणाच्या तरी घरातली. जमिनीवर पाय असलेली.

अवनी०९
मंजिरी, सासूबाई रमतील बघ. माझ्या सासूने गोकर्णला गिटारवाल्याला अभंगाचा ठेका शिकवला होता. कुकर झाला, पळते.

टवाळ_पोपट
@काणकोणकर, उर्राक, ती काजूची दारू, कधी मिळते ते सांगा. विषयाला धरून आहे, झोप लागायला.

काणकोणकर
मार्च-एप्रिल. लिम्का, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. हॉस्टेलच्या बारमध्ये मागू नका, बाजारात मासेवालीला विचारा.