कॅनडाचं कलम १०७: अल्पमतातल्या सरकारने संसदेला वळसा घालून संप मोडावेत का?

कोरडवाहू (धागाकर्ता)

१७ नोव्हेंबर २०२५ला कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी यांचा अर्थसंकल्प ओटावाच्या संसदेत १७० विरुद्ध १६८ असा कसाबसा तरला. सभागृह ३४३चं, बहुमताला १७२ लागतात. कार्नींच्या लिबरलांना एप्रिलच्या निवडणुकीत १६९ जागा मिळाल्या, नोव्हेंबरात एक कन्झर्व्हेटिव्ह खासदार येऊन मिळाला. एनडीपी या डाव्या पक्षाचे दोन आणि कन्झर्व्हेटिव्हांचे दोन खासदार मतदानापासून लांब राहिले म्हणून निभावलं. चौघांनी विरोधात मत दिलं असतं तर लगेच प्रचाराच्या पाट्या लागल्या असत्या.

इतकं काठावरचं सरकार संप मोडायची वेळ आली की मात्र कुणालाच विचारत नाही. हत्यार आहे कॅनडा कामगार संहितेचं कलम १०७. मजकूर जेमतेम एका परिच्छेदाचा: औद्योगिक शांतता टिकावी म्हणून मंत्र्याला जे योग्य वाटेल ते त्याने करावं आणि औद्योगिक संबंध मंडळाला तसे निर्देश द्यावेत. १९८४पासून कायद्यात आहे, पण चालू संप थांबवून सक्तीचा लवाद लादायला त्याचा सपाटा लागला तो २०२४मध्ये. ऑगस्टमध्ये सीएन आणि सीपीकेसी या दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्या, नोव्हेंबरात ब्रिटिश कोलंबियाची बंदरं आणि मॉन्ट्रियल, डिसेंबरात कॅनडा पोस्ट, आणि ऑगस्ट २०२५मध्ये एअर कॅनडाचे दहा हजारांवर फ्लाइट अटेंडंट.

यापूर्वी संप मोडायचा तर कायदा आणावा लागे. एप्रिल २०२१मध्ये मॉन्ट्रियलच्या गोदी कामगारांचा संप सोमवारी सुरू झाला आणि शुक्रवारी कायद्यावर सही झाली. तेव्हाही सरकार अल्पमतातच होतं. पण कन्झर्व्हेटिव्हांची मतं मागावी लागली आणि कोण कुणाच्या बाजूने हे नोंदलं गेलं. आता मंत्र्याचं एक पत्र पुरतं. माझं म्हणणं सरळ आहे: १०७मधला निर्देश देण्याचा अधिकार काढून टाका.

अडत्या

संसदेचा मान वगैरे ठीक, पण माल कसा हलतो ते आधी बघू.

सस्कॅचेवानची मसूर, पिवळा वाटाणा, कॅनोला ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो. शेतातून ट्रकने गावच्या एलेव्हेटरला (धान्याच्या कोठाराला), तिथून हॉपर डब्यांतून व्हँकुव्हर. तिथल्या टर्मिनलची साठवण काही दिवसांची. संहितेच्या कलम ८७.७नुसार बंदरात संप असला तरी धान्याची जहाजं भरावीच लागतात. रेल्वेला असं कलम नाही! म्हणजे नळ चालू आणि टाकी रिकामी. जहाज खाडीत नांगर टाकून उभं, डेमरेज (जहाज खोळंबल्याचा दंड) रोजचं, आणि ते शेवटी शेतकऱ्याच्या भावातूनच कापलं जातं.

शिवाय नुकसान संपाच्या दिवशी सुरू होत नाही. क्लोरीनसारखा विषारी माल आणि शीतपेट्यांतला माल रुळावर अडकू नये म्हणून रेल्वे कंपन्या आधीच काही दिवस त्याचं बुकिंग बंद करतात. पिण्याचं पाणी शुद्ध करायला लागतं ते हेच क्लोरीन. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तरी घडी बसायला परत वेळ.

आणि हे कुठल्या वर्षी? २०२५ला. अमेरिकेचं पोलादावर ५० टक्के शुल्क. चीनचं मार्चपासून कॅनोला तेल, पेंड आणि वाटाण्यावर १०० टक्के, ऑगस्टपासून कॅनोला बियाण्यावर ७५.८ टक्के अनामत. आपल्याकडे १ नोव्हेंबरपासून पिवळ्या वाटाण्यावर ३० टक्के. मसुरीला ऑस्ट्रेलिया आणि वाटाण्याला रशिया टपूनच बसलेत. गिऱ्हाईक एकदा गेलं की संप मिटला म्हणून परत येत नाही. नवी मुंबईच्या बाजारातल्या डाळवाल्याला कलम १०७ माहीत नसेल, बोट कधी लागणार ते त्याला कळतं.

टांगेवाला

अडत्या, मसुरीचं सगळं मान्य. फक्त गाड्या थांबवल्या कुणी ते सोयीस्करपणे गाळलंत. २२ ऑगस्ट २०२४ला सीएन आणि सीपीकेसीने टाळेबंदी केली. ब्रिटिश कोलंबियातही मालकांनीच टाळं लावलं, मॉन्ट्रियललाही. म्हणजे २०२४मध्ये १०७ चाललं त्यातल्या तीन ठिकाणी फाटक मालकाने बंद केलं, मग मालकानेच अर्थव्यवस्थेच्या नावाने गळा काढला आणि मंत्र्याने लवाद पाठवला. रेल्वेच्या बाबतीत तर त्याच संध्याकाळी.

क्लोरीनचंही मंडळासमोर येऊन गेलंय. रेल्वे बंद पडल्यास जनतेच्या सुरक्षिततेला तातडीचा धोका आहे का, हा प्रश्न मंत्र्यांनीच मंडळाकडे पाठवला होता. त्यामुळे मे महिन्यातला संप लांबला. ९ ऑगस्टला मंडळाने सांगितलं की असा धोका नाही, कुठलीही सेवा सक्तीने चालू ठेवायची गरज नाही. वर १३ दिवस थांबा. ते १३ दिवस संपले आणि टाळं पडलं. म्हणजे कायद्यातली चाळणी वापरून झाली, उत्तर नावडतं आलं, म्हणून दुसरं कलम काढलं.

बाकी नुकसान म्हणून 'रोज एक अब्ज डॉलर' हा जो आकडा फिरतो, तो रेल्वेने वाहिलेल्या मालाच्या किमतीचा. उशिरा पोचलेला पोटॅश बुडालेला नसतो.

सहीशिक्का

प्रक्रिया एकदा नीट मांडतो, कारण 'अचानक संप' हा शब्द अशा चर्चांत फार सैल वापरला जातो.

केंद्राच्या अखत्यारीतल्या उद्योगात (रेल्वे, विमान, बंदरं, बँका, टपाल) वाटाघाटी अडल्या की आधी वादाची नोटीस. मंत्र्याला १५ दिवस. त्याने कन्सिलिएटर (समेट घडवणारा) नेमला तर ६० दिवस. त्यानंतर २१ दिवसांची सक्तीची विश्रांती. गुप्त मतदान झालेलं हवं, आणि मग ७२ तासांची नोटीस. साधारण तीन महिने सगळ्यांना दिसत असतं काय येतंय ते. या तीन महिन्यांत मालकाला ठाऊक असेल की शेवटी १०७ येणारच, तर तो टेबलावर काही ठेवेल कशाला? एअर कॅनडाचे प्रमुख मायकल रूसो यांनी संपाच्या दरम्यान मुलाखतीत सांगूनच टाकलं की १०७ लागू होईल आणि युनियन ते पाळेल असं कंपनीने धरलं होतं.

गंमत म्हणजे मंडळालाही या निर्देशापुढे मान हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. रेल्वेच्या प्रकरणात मंडळाने लिहूनच दिलं की निर्देश नाकारायची मुभा आम्हाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५च्या सस्कॅचेवान निकालात संपाचा हक्क घटनेतल्या हक्कांच्या सनदेच्या कलम २(ड)खाली आणला. त्या हक्काला मंत्र्याच्या पत्राने कात्री लावता येते का, हा खटला टीमस्टर्स या रेल्वे कामगारांच्या युनियनने फेडरल अपील न्यायालयात नेला आहे.

आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १०(३)खाली वाद न्यायाधिकरणाकडे सोपवून चालू संपाला मनाई करायची सोय होतीच, आणि संप हा मूलभूत हक्क नाही असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२पासून धरलंय. २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत तर १४ दिवसांची नोटीस सगळ्यांनाच. पण कॅनडात हक्क घटनात्मक आहे, म्हणून तिथे हा प्रश्न जास्त टोचतो.

अडत्या

सहीशिक्का, निकालही बघा ना. सीएनच्या लवादाने तीन वर्षं दरसाल ३ टक्के पगारवाढ दिली. कामगारांची माती झाली असं कुणी म्हणणार नाही. एअर कॅनडात युनियनने आदेश झुगारला, तरी पुढे झालेल्या करारातला पगाराचा भाग सभासदांनी ९९.१ टक्क्यांनी फेटाळल्यावर तो लवादाकडेच गेला! मग एवढा तमाशा कशासाठी?

आणि कोरडवाहू, २०२१चा दाखला २०२४ला लावू नका. २०२४च्या शरदात सरकारने कागदपत्रं न दिल्याच्या हक्कभंगावर कन्झर्व्हेटिव्हांनी सभागृह आठवडेच्या आठवडे जाम करून ठेवलं होतं. त्यात विधेयक कुठून घुसवणार होतात? दोन्ही ऑगस्टमध्ये तर सभागृहाला सुट्टीच होती.

टांगेवाला

एअर कॅनडात एवढा तमाशा जमिनीवरच्या कामाच्या पैशासाठी. प्रवासी चढवणं, सामान वर कोंबायला मदत, दारं बंद होण्यापूर्वीची तपासणी, यातलं बहुतेक काम बिनपगारी होतं. १६ ऑगस्ट २०२५ला मध्यरात्रीनंतर संप, दुपारपर्यंत मंत्री पॅटी हायडू यांचं १०७. रविवारी दुपारी दोनला कामावर या, असा मंडळाचा हुकूम. फ्लाइट अटेंडंटांची युनियन क्यूपीचे अध्यक्ष मार्क हॅनकॉक यांनी तो कागद विमानतळाबाहेर फाडला. सोमवारी मंडळाने संप बेकायदा ठरवला, तरी कुणी हललं नाही. मंगळवारी पहाटे करार: छोट्या विमानाला ६० मिनिटं, मोठ्याला ७०, तासाच्या दराच्या निम्म्याने, पुढे दरवर्षी वाढत. जे महिनोन्महिने जमत नव्हतं ते कागद फाडल्यावर दोन दिवसांत जमलं.

धोका खरा होता. मंडळाचा हुकूम फेडरल न्यायालयात नोंदवला की तो मोडणं म्हणजे न्यायालयाचा अवमान. १९७८च्या टपाल संपात कायदा मोडला म्हणून ज्याँ-क्लोद पारो तुरुंगात गेले होते.

आणि १०७ने प्रश्न सुटतो म्हणता? कॅनडा पोस्ट बघा. डिसेंबर २०२४मध्ये ५५ हजार लोकांना कामावर परत पाठवलं, जुना करार २२ मे २०२५पर्यंत ताणला. मग युनियनने ओव्हरटाइम बंद केला. मग मंत्र्याच्या हुकमाने कंपनीच्या शेवटच्या प्रस्तावावर मतदान, ते शहरी आणि ग्रामीण दोन्ही गटांनी सुमारे ६९ टक्क्यांनी फेटाळलं. मग सप्टेंबरात पुन्हा देशभर संप. तत्त्वतः समझोता २१ नोव्हेंबर २०२५ला झाला.

वळचणीचा पाहुणा

तुम्ही सगळे फक्त कामगार कायद्याकडे बघताय. व्यापारात हेच चाललंय. अमेरिकन मालावरचं प्रतिशुल्क सीमाशुल्क-दर कायद्याच्या कलम ५३खाली मंत्रिमंडळाच्या आदेशाने आलं आणि १ सप्टेंबर २०२५ला अमेरिका-मेक्सिकोबरोबरच्या व्यापार करारात बसणाऱ्या मालावरून तशाच आदेशाने गेलं (पोलाद, ॲल्युमिनियम, गाड्या सोडून). सभागृहात एक मत पडलं नाही.

जिथे सभागृहाचं चाललं तिथे काय झालं तेही बघा. ब्लॉक केबेक्वा या क्युबेकच्या पक्षाच्या सी-२०२ या विधेयकाने जून २०२५मध्ये दूध, अंडी, कोंबडीच्या आयात कोट्याला हात लावायला परराष्ट्र मंत्र्यालाच बंदी केली. क्युबेकच्या जागा सगळ्यांना हव्यात, म्हणून कुणी विरोध केला नाही. जुलै २०२६मध्ये अमेरिका-मेक्सिकोबरोबरच्या कराराचा आढावा ठरलेला, आणि वाटाघाटीला जाणाऱ्याचा एक हात आधीच बांधलेला. संसदेला विचारलं की शहाणपण येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण चघळावं.

कोरडवाहू

पाहुणे, सी-२०२ मलाही पटत नाही. पण तो कुणी मंजूर केला ते आपल्याला माहीत आहे, आणि बदलायचा तर कुणाला गाठायचं तेही. १०७चं उत्तर कोण देतं?

अडत्यांचा सुट्टीचा मुद्दा घेऊन माझी मागणी बदलतो. कॅनडाच्या आणीबाणी कायद्यासारखं करा. तिथे घोषणा झाली की कामकाजाच्या सात दिवसांत संसदेपुढे यावीच लागते, सुट्टी असेल तर बोलवावी लागते. फेब्रुवारी २०२२मध्ये ट्रूडोंच्या अल्पमतातल्या सरकारने ट्रकवाल्यांच्या आंदोलनाच्या प्रकरणात १८५ विरुद्ध १५१ असं मत घेतलंच. १०७चा निर्देशही सात दिवसांत मंजूर नाही झाला तर रद्द, आणि संप जिथे थांबला तिथून पुढे.

अडत्या

आणि त्या सात दिवसांत हॉपर भरायचे की नाही? 'कदाचित परत बंद पडेल' असं असताना कुठलीही रेल्वे क्लोरीनचं बुकिंग घेणार नाही. तुमच्या मतदानाच्या दिवसापर्यंत माल गोदामातच. त्यापेक्षा ८७.७मध्ये धान्याच्या जहाजाशेजारी धान्याची गाडीही घाला, १०७ खुशाल काढा.

टांगेवाला

हे चालेल. फक्त मग पोटॅशवाला, लाकूडवाला, गाड्यांचे सुटे भागवाला असे सगळे आपापली गाडी घेऊन त्याच कलमाच्या दारात रांग लावतील. त्या रांगेत कुणाला नाही म्हणायचं ते आधी ठरवा.