घरचे फोटो फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं पुरेसं आहे का?

पिंपळपान
बारसं असो, मुंज असो की गौरी-गणपती, कार्यक्रम आटपायच्या आत घरच्या ग्रुपवर शेकडो फोटो येऊन पडतात आणि सगळ्यांना वाटतं, झालं, फोटो मिळाले. माझ्या मते ते मिळालेले नसतात, नुसते दिसलेले असतात.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा मूळ फोटो ४००० बाय ३००० चा असतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा: मूळ फोटोची तेरा इंचांची स्वच्छ प्रत निघते, व्हॉट्सॲपवरून आलेल्याची जेमतेम सव्वापाच इंचांची. एचडी निवडलं तर फोटो मोठा जातो, पण तोही दाबूनच. मोबाइलच्या पडद्यावर हा फरक कळत नाही. घरातलं कुणी जातं, तेराव्याच्या आत तसबीर करून आणायची असते आणि स्टुडिओवाला विचारतो, "याहून चांगला फोटो नाही का?", तेव्हा कळतो. त्या दिवसांत आख्खं घर फोन चाळत बसलेलं मी पाहिलंय. ज्याने फोटो काढला होता त्याने तोवर फोन बदललेला असतो.

शिवाय फोटो कधी काढला ही नोंदही सोबत येत नाही. फाइलच्या नावात तारीख दिसते ती ग्रुपवर आल्याची. दहा वर्षांनी कुठलं बारसं कधीचं, हे कोण सांगणार?

म्हणून माझा आग्रह: प्रत्येक कार्याचा गूगल फोटोजवर एक सामायिक अल्बम करावा आणि ज्याने त्याने आपले मूळ फोटो त्यात टाकावेत. ग्रुपवर चार फोटो आणि अल्बमची लिंक, एवढंच.

माणदेशी
अजिबात पटलं नाही. माझ्या सासूबाई गावी असतात. त्यांच्या फोनमधलं गूगल खातं दुकानदाराने उघडून दिलंय, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. व्हॉट्सॲप मात्र त्या सराईतपणे वापरतात. नातीचा फोटो आला की दोन मिनिटांत त्यांचा आवाजी निरोप येतो, "कानात काय घातलंय गं तिच्या, नवीन केलं का?" मग त्यावर जावा बोलतात, नणंद बोलते, त्यातून कुणाची तब्येत कशी आहे तेही कळतं. लिंक पाठवली की त्या विचारतात, "हे काय आलंय निळं?" आणि पुढे सरकतात.

तुम्ही तसबिरीसाठी फोटो जपताय. मला वाटतं, माणूस आहे तोवर त्याला फोटो बघायला मिळावेत, हे आधी. मूळ प्रत हवीच असेल तर व्हॉट्सॲपवरच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जाते, एक पिक्सेल कमी होत नाही, तारीखही राहते.

सावली
माणदेशीताई, डॉक्युमेंट म्हणून पाठवताना जरा जपून. तारखेबरोबर फोटो कुठे काढला ते ठिकाणही जातं, लोकेशन चालू असेल तर अगदी घराच्या दारापर्यंत. ग्रुपमध्ये लांबचे नातेवाईक, त्यांचे व्याही, असे किती जण असतात.

अल्बमच्या लिंकबद्दल तर मला जास्तच भीती वाटते. लिंकने पाहण्याची सोय चालू ठेवली तर ती ज्याच्या हाती पडेल त्याला सगळा अल्बम उघडतो. लहान मुलांचे अंघोळीचे, पाण्यात खेळतानाचे फोटो लोक बिनदिक्कत टाकतात. मूल मोठं झाल्यावर त्याला ते आवडेल का, हा विचार आपल्याकडे होतच नाही. कशावर टाकायचं यापेक्षा काय टाकायचं नाही, हे आधी ठरवा.

रातराणी_७२
दोन्ही बाजू कुणा ना कुणा कंपनीच्या भरवशावर आहेत. गूगलचीच ऑर्कुट ही गप्पा-ओळखींची साइट २०१४ मध्ये बंद झाली, पिकासा ही फोटो ठेवायची सोय २०१६ मध्ये. तेव्हाही लोक म्हणायचे, अल्बम तिथे आहे ना, मग काळजी कशाला. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून थांबली. आता १५ जीबी, त्यातच मेल आणि ड्राइव्ह. त्यातून दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. म्हणजे गेलेल्या माणसाने अल्बममध्ये टाकलेले फोटो इतरांनी स्वतःकडे जतन केले नसतील, तर त्याच्या खात्याबरोबर तेही जातील.

आम्ही दिवाळीला सगळे जमलो की हार्ड डिस्क फिरवतो. एक प्रत पुण्यात, एक धाकट्या भावाकडे कोल्हापुरात. निवडक फोटो छापून वहीत लावतो, मागे पेन्सिलने नावं.

पिंपळपान
सावली, लिंकचं तुमचं म्हणणं मान्य. लिंक बंद ठेवून थेट माणसांनाच अल्बममध्ये घेता येतं, ठिकाण लपवायचीही सोय आहे. पण रातराणी, दिवाळीला न येणाऱ्यांचं काय? माझी बहीण मेलबर्नला असते. तिच्यापर्यंत डिस्क कशी फिरवू?

कॅनडाकर
त्या बहिणीच्या बाजूने बोलतो. आमच्या घरी इकडे आयफोन, तिकडे अँड्रॉइड. ॲपलचा सामायिक अल्बम करून पाहिला, पण त्यातही फोटो २०४८ पिक्सेलवर येतात, म्हणजे मूळ मिळतच नाहीत. शेवटी गूगलवरच आलो. दूर राहणाऱ्याला ग्रुपवरचे आठ निवडक फोटो पुरत नाहीत. मागे कोण उभं होतं, ओटीवर काय मांडलं होतं, अंगणातलं झाड किती वाढलं, तेही बघायचं असतं. ते कुणी निवडून पाठवत नाही, ते अल्बममध्येच सापडतं.

माणदेशी
दादा, तुमच्यासाठी अल्बम करा, माझी ना नाही. पण पिंपळपान म्हणतात तसे ग्रुपवर चारच फोटो नकोत. सासूबाईंना सगळे हवे असतात, आणि त्यांच्यासाठी ते ग्रुपवरच यायला हवेत. धूसर असले तरी चालतील.

पिंपळपान
मग दोन्हीकडे टाकू. पण ज्याने फोटो काढले त्याने मूळ प्रती अल्बममध्ये चढल्याशिवाय फोनमधून काही पुसायचं नाही, एवढ्यावर मी अडून बसणार.