शब्दचर्चा: हजच्या दुआ मराठी वहीत कशा लिहाव्यात?

गोदाकाठ
अम्मी-अब्बांचा यंदा हजला नंबर लागला. दोघंही परभणी जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलेले. घरात आम्ही दखनी बोलतो, पण वाचायचं म्हटलं की मराठीच. अब्बांना उर्दू अक्षर लागत नाही, अम्मी कुरआन अडखळत वाचते. बाजारातल्या हजच्या पुस्तिका एक तर उर्दूत, नाहीतर अक्षरांखाली टिंबं दिलेल्या हिंदीत. म्हणून मी त्यांच्यासाठी एक वही लिहायला घेतली आहे. डाव्या पानावर देवनागरीत अरबी बोल, उजव्या पानावर मराठी अर्थ.

पहिल्याच पानावर अडले. 'हजच्या प्रार्थना' असा मथळा दिला, तर अब्बा म्हणाले, "प्रार्थना म्हणजे नमाज ना?" वर्तमानपत्रं ईदच्या नमाजलाही 'सामूहिक प्रार्थना' म्हणतात, तेव्हा त्यांना तसं वाटणारच. 'दुवा' लिहावं तर मराठीत दुवा म्हणजे आशीर्वाद. आणि हजला जाणारे वाटेत सतत म्हणतात त्या 'लब्बैक'साठी काय? 'मी उपस्थित आहे' लिहून पाहिलं, पण ते सभेच्या इतिवृत्तातलं वाक्य वाटतं. जाणकारांनी मदत करावी.

बालाघाट
ताई, आधी दुवा घेऊ. मराठीत दुवा माणूस माणसाला देतो. 'म्हातारीनं दुवा दिला', 'गरिबाचा दुवा घे'. कुणी 'दुवा दिली' असंही म्हणतं. तुमच्या वहीतला शब्द उलट्या दिशेचा आहे, तिथं माणूस देवाकडे मागतो. मूळ अरबी दुआ म्हणजे हाक मारणं, पुकारणं. त्याच धातूवरून आलेले दोन शब्द आपण रोज वापरतो: कोर्टातला 'दावा' आणि जेवणाची 'दावत'. एकात हक्कानं मागणं आहे, दुसऱ्यात बोलावणं. दुआमध्ये हे दोन्ही आहे.

माझं मत असं की वहीत 'दुआ' असंच लिहावं, व न लावता. आशीर्वादाचा दुवा वेगळा राहील, आणि दोन गोष्टी जोडणारा दुवा, जो हल्ली संकेतस्थळांसाठी सगळे वापरतात, तोही वेगळा राहील.

मांजरा
सर, मला हे पटलं नाही. आमच्या लातूरकडच्या गावात हजला कुणी निघालं की अर्धं गाव वेशीपर्यंत सोडायला जातं, हिंदू-मुसलमान सगळे. हार घालतात, गळ्यात पडतात आणि एकच सांगतात, "चाचा, तिथं पावसासाठी दुवा मागा." हजची तारीख चंद्रावर चालते, त्यामुळं ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 मध्ये अरफातचा दिवस, म्हणजे मक्केजवळच्या अरफात मैदानात थांबायचा हजचा मुख्य दिवस, 5 जूनला होता, अगदी मृगाच्या तोंडावर. पेरणीची चिंता घेऊन बसलेला माणूस 'दुवा मागा' म्हणतो, तेव्हा त्याला आशीर्वाद म्हणायचं नसतं. 'देणे' आणि 'मागणे' ही क्रियापदंच अर्थ वेगळा करतात. आमचं मराठी हेच आहे, ते वहीत का नको?

पूर्णा
मी मुलांना अरबी शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. व की आ, यापेक्षा मोठी गल्लत दुसरीकडे होते आहे. हजमध्ये जे जे तोंडानं म्हटलं जातं ते सगळं दुआ नव्हे. हे मराठीत नीट आलं नाही, तर वाचणाऱ्याला आपण कुठं काय म्हणतो आहोत ते कळणारच नाही.

'लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक' ही तलबिया. हिच्यात मागणं एकही नाही. 'अल्लाहु अकबर' म्हणणं ही तकबीर. अल्लाहची आठवण ठेवत त्याचं नाव आणि स्तुती घोकणं म्हणजे जिक्र. त्याला नामस्मरण म्हटलं तर मराठी माणसाला बरोबर उमगेल. आणि काही मागितलं की ती दुआ. 'मंत्र' शब्द मात्र टाळा. ताईंनी लिहिला नाही, पण बातम्यांत 'हजचे मंत्र' वाचल्याचं आठवतं. अमुक अक्षरं म्हटली की अमुक फळ, अशी यातली कल्पना नाही.

कुठं काय म्हणायचं ते असं. इहराम (हजचा पोशाख आणि त्याची बंधनं) बांधताना नियत करायची: 'अल्लाहुम्म इन्नी उरीदुल हज्ज, फयस्सिरहु ली व तकब्बल्हु मिन्नी'. हे अल्लाह, माझा हजचा इरादा आहे, तो माझ्यासाठी सोपा कर आणि माझ्याकडून कबूल कर. 'तकब्बल'मध्ये आपला 'कबूल' दिसतो का पाहा. 'नियत'ही मराठीत आहे, पण आपण ती 'त्याची नियत बरी नाही' अशा बोलण्यात जास्त वापरतो. इथं नियत म्हणजे मनानं केलेला निश्चय. मग तलबिया सुरू होते. उमऱ्यात, म्हणजे हजहून लहान यात्रेत, ती तवाफ (काबाभोवतीच्या फेऱ्या) सुरू करताना थांबते. हजमध्ये 10 जिल्हेजला (जिल्हेज हा हजचा महिना) मोठ्या जमऱ्याला, म्हणजे सैतानाचं प्रतीक मानलेल्या ठिकाणाला, पहिला खडा मारेपर्यंत चालते.

तवाफच्या सात फेऱ्या. दर फेरीत हजरे अस्वदपाशी, काबाच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडापाशी, आलं की 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर'. रुक्ने यमानी हा काबाचा आधीचा कोपरा ते हजरे अस्वद एवढ्या टप्प्यात कुरआनच्या सूरह बकरा या अध्यायाची 201 वी आयत: 'रब्बना आतिना फिद्दुनिया हसनतंव व फिल आखिरति हसनतंव व किना अजाबन्नार'. बाकी फेरीभर हवी ती दुआ, हव्या त्या भाषेत. बाजारातल्या पुस्तिकांत प्रत्येक फेरीची वेगळी लांबलचक दुआ असते. ती म्हणायला हरकत नाही, पण पैगंबरांनी तशी फेरीवार ठरवून दिलेली नाही. पुष्कळ म्हातारी माणसं 'तिसऱ्या फेरीची दुआ पाठ नाही' म्हणून घाबरलेली असतात. ताई, तुमच्या वहीत हे मोठ्या अक्षरांत लिहा.

गोदाकाठ
पूर्णा सर, शुक्रिया. अम्मीची झोप खरंच त्या सात फेऱ्यांनी उडवली होती.

बालाघाट
आता लब्बैक. आपल्याकडे कुणी हाक मारली की माणूस काय म्हणतो? 'ओ'. 'हाकेला ओ देणे' हा मराठीचा अस्सल वाक्प्रचार आहे. लब्बैक म्हणजे ओ देणंच ना?

पूर्णा
अगदी तेच! सूरह हजच्या 27 व्या आयतीत हजरत इब्राहिमना आज्ञा आहे की लोकांत हजची हाक दे, ते तुझ्याकडे पायी आणि सडसडीत उंटांवर दूरदूरच्या वाटांनी येतील. ज्याला यायचं आहे त्यानं त्या हाकेला दिलेलं उत्तर म्हणजे लब्बैक, असं जुने जाणकार सांगतात. व्याकरणात ते द्विवचनी रूप मानतात: एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा हजर. शेवटचा 'क' म्हणजे 'तुला'.

गोदाकाठ
'ओ' वाचून अंगावर काटा आला. मी लगेच लिहिलं, 'आलो, हे अल्लाह, तुझ्या हाकेला ओ देत आलो.' अम्मीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे तुझ्या अब्बांचं झालं. मी काय म्हणू?" अरबीत पुरुष म्हणो की बाई, लब्बैक एकच. मराठीत मात्र आलो-आले करावं लागतं. नियतीतही 'करतो-करते' आलंच असतं, बरं झालं पूर्णा सरांनी 'माझा इरादा आहे' असं दिलं.

बालाघाट
मग 'हजर' घ्या. तो मूळचा अरबीच आणि मराठीत इतका मुरलेला की कुणाला परका वाटत नाही. 'मी हजर आहे' बाप्यालाही चालतं, बाईलाही. 'ओ देणे' अर्थाच्या खाली टीप म्हणून ठेवा.

गोदाकाठ
हे असं जमलं:
'हजर, हे अल्लाह, मी हजर. मी हजर, तुझा कोणी भागीदार नाही, मी हजर. स्तुती तुझी, देणं तुझं आणि राज्यही तुझंच. तुझा कोणी भागीदार नाही.'

मांजरा
ताई, 'देणं' नको. देणं म्हटलं की आमच्याकडे आधी सावकाराचं आणि बँकेचं आठवतं. 'कृपा' करा. आणि 'भागीदार'पेक्षा 'वाटेकरी' बघा. भागीदार धंद्यात असतो. एकाच वस्तूवर दुसऱ्याचाही हक्क, हे वाटेकरी म्हटलं की बांधावरच्या माणसाला लगेच कळतं.

बालाघाट
वाटेकरी उत्तम.

पूर्णा
मलाही मान्य. 'शरीक'चा अर्थ तोच: त्याच्या अल्लाहपणात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

गोदाकाठ
'रब्बना'चंही सांगते. 'प्रभू' लिहिलं होतं, ते खोडलं. मराठी कुरआनच्या अनुवादांत 'पालनकर्ता' येतं. अम्मी एरवी 'परवरदिगार' म्हणते, त्याचाही अर्थ पाळणारा, पोसणाराच. म्हणून: 'आमच्या पालनकर्त्या, आम्हाला या जगात भलं दे, परलोकातही भलं दे आणि आगीच्या शिक्षेपासून आम्हाला वाचव.' मोठ्यानं वाचून पाहिलं, अब्बांच्या तोंडात बसलं.

दुधना
जालन्याहून लिहितेय. मी हज करून आले आहे, म्हणून जरा व्यवहाराचं बोलते. तवाफच्या गर्दीत वही उघडून वाचणं वयस्कर माणसाला झेपत नाही. मागून रेटा असतो, चष्मा सांभाळायचा असतो, जोडीदाराचा हात सुटू द्यायचा नसतो. तलबिया, 'रब्बना आतिना' आणि चौथा कलमा एवढं पाठ करून घ्या. चौथा कलमा म्हणजे 'ला इलाह इल्लल्लाहु वह्दहू ला शरीक लहू' असा सुरू होतो तो. सफा-मरवा या दोन टेकड्यांवर तोच लागतो आणि अरफातलाही तोच. पुरुषांनी तलबिया मोठ्यानं म्हणायची, बायकांनी आपल्यापुरती ऐकू येईल इतकी. बाईची पाळी आली तर तवाफ थांबतो. तलबिया, जिक्र, दुआ, अरफातला थांबणं हे काही थांबत नाही. सोबत सुना-मुली असतील तर हे वहीत नक्की लिहा, ऐनवेळी विचारायला लाज वाटते आणि मग बायका नुसत्या रडत बसतात.

वहीची खरी गरज अरफातला. 9 जिल्हेजला दुपार ढळल्यापासून सूर्य मावळेपर्यंत तिथं थांबायचं, त्याला वुकूफ म्हणतात. सगळ्यात चांगली दुआ अरफातच्या दिवसाची, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. तंबूत वेळ असतो, पण बसल्यावर काही आठवत नाही. गावाकडच्या किती जणांनी काय काय सांगितलेलं असतं! कुणाला मूलबाळ नाही, कुणाचा दावा वर्षानुवर्षं पडून आहे, कुणाला नुसता पाऊस हवा आहे. ती नावं आधीच लिहून न्यावीत. आणि ती दुआ मराठीत मागायची, दखनीत मागायची, जशी येईल तशी. पुस्तकी मराठी तिथं कामाचं नाही.

गोदाकाठ
दुधनाताई, मग उजवी पानं अरफातपाशी कोरीच ठेवते. वर फक्त 'अरफात, दुपारनंतर' एवढं लिहीन. नावं अब्बा स्वतः लिहितील.

मांजरा
आमच्या पावसाचं तेवढं लिहायला सांगा.

दुधना
आणखी एक. 'सैतानाला दगड मारणे' असं सगळीकडे छापतात. दगड नव्हे, खडा. हरभऱ्याएवढा. मोठा दगड मारणं चूकच आहे, लोकांना लागतं. अरफातनंतर मुजदलिफाच्या मुक्कामी रात्री वेचायचे ते खडेच. दर खड्याला 'अल्लाहु अकबर'. पुढच्या दिवशी छोट्या आणि मधल्या जमऱ्यानंतर बाजूला होऊन दुआ मागायची, मोठ्यानंतर न थांबता निघायचं.

बालाघाट
महिन्याचं नाव पूर्णा आणि दुधनाताई दोघांनीही 'जिल्हेज' लिहिलं, ते फार आवडलं. हल्ली बातम्यांत 'धुल हिज्जा' दिसू लागलं आहे. मराठीत हा महिना जिल्हेजच आहे. पेशवाईतल्या पत्रांत 'छ 9 जिल्हेज' अशा तारखा येतात, 'छ' म्हणजे चंद्र. तसंच काबाजवळचं 'मकामे इब्राहिम'. मकाम म्हणजे उभं राहण्याची जागा. आपल्या पत्त्यातल्या 'मु. पो.'चा मुक्काम त्याच कुळातला.

गोदाकाठ
शेवटची अडचण उच्चारांची. अब्बा तलबियातलं 'ला शरीक लक' हे 'शरीक् लक' वाचतात. क पूर्ण म्हणायला हवा ना? शेवटी अवग्रह देऊ का, 'शरीकऽ'?

पूर्णा
क पूर्णच हवा. अवग्रह दिला तर मराठी माणूस 'काऽय' म्हणतो तसं ताणेल, तेही नको. शब्द फोडून लिहा: 'ला शरी-कलक'. दिसायला विचित्र, पण उच्चार जागेवर येतो. 'वन्निअमत लक'ही तसंच, 'वन्निअम-तलक'. 'अल्लाहुम्म' आणि 'हम्द' आहेत तसे ठेवा. जोडाक्षरानं संपणारा शब्द मराठीत आपोआप पूर्ण उच्चारतात, धर्म, मित्र म्हणतो तसा.

ऐन, मोठा हे, मोठा काफ या अरबी अक्षरांसाठी देवनागरीत अक्षर नाही, तिथं लिहून भागणार नाही. मनाला 'कल्ब' म्हणतात आणि कुत्र्यालाही 'कल्ब', अरबीत क वेगळे, देवनागरीत एकच. म्हणून मशिदीतल्या कुणा चांगल्या वाचणाऱ्याकडून सगळे बोल सावकाश म्हणवून घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि वही समोर ठेवून रोज ऐकवा.

गोदाकाठ
आणि ज? हिंदी पुस्तिकेतली टिंबं अब्बांना कळत नाहीत.

पूर्णा
टिंबं नकोतच. मराठीत ज दोन आहेत, 'जरा'मधला आणि 'जीवन'मधला, तेवढं आपल्याला पुरतं. 'जरा'सारखा ज जिथं हवा तिथं अक्षराखाली रेघ मारा. जमजम, मुजदलिफा, अजाब, जिक्र यांना रेघ. हज, जमरात यांना नाही. 'हजर' दोनदा येईल. 'मी हजर'मधला ज आपण मराठीत म्हणतो तसाच, त्याला रेघ. 'हजरे अस्वद'मधला हजर म्हणजे दगड, त्याचा ज 'जीवन'मधला, त्याला रेघ नाही.