मदत हवी आहे: पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये विमानतळावरून कोलिसिओला (बंदिस्त स्टेडियम) मेट्रोने कसं जायचं?

अम्या_जर्सी: तिकिटं झाली, हॉटेल झालं. फक्त मेट्रो कुठून पकडायची ते सांगा. शनिवारी निघतोय, जरा लवकर!

किल्लेदार: कुठलं कोलिसिओ? तिथे दोन आहेत. रोबेर्तो क्लेमेंते १९७३ चं, आणि होसे मिगेल आग्रेलोत २००४ चं, ज्याला लोक 'चोली' म्हणतात.

अम्या_जर्सी: मोठं असेल ते. गाण्यांचा कार्यक्रम आहे.

किल्लेदार: मग बहुतेक चोली. तरी तिकीट उघडून बघा, गाणी क्लेमेंतेतही होतात.

सुमेधाताई: एच-वन व्हिसावर अमेरिकेत असाल तर काळजी नको, पोर्तो रिको अमेरिकेचाच प्रदेश, तिथे जाताना इमिग्रेशन नसतं. फक्त येताना आंबे आणू नका. निघताना शेतकी खात्याचे लोक सामान स्कॅन करतात, आमचे सगळे काढून घेतले मेल्यांनी.

अम्या_जर्सी: ताई, व्हिसाचं विचारलंच नाहीये. मेट्रो!!

कॅरिबियन_काका: मेट्रो विमानतळावर जातच नाही. तिथल्या मेट्रोची, म्हणजे त्रेन उर्बानोची, १६ स्थानकं, बायामोन ते साग्रादो कोरासोन. हॉटेल कुठे आहे ते सांगाल का?

अम्या_जर्सी: ओल्ड सान हुआन.

किल्लेदार: घ्या! तिथेही मेट्रो नाही. चोलीजवळच्या हातो रे भागात हॉटेल घेतलं असतं तर चालत गेला असतात.

कॅरिबियन_काका: आणि दिवसभर बँकांच्या इमारती बघायच्या? ओल्ड सान हुआनच बरं, किल्ले आहेत, निळसर दगडी गल्ल्या आहेत. टॅक्सीने साग्रादो कोरासोन गाठा, पुढचंच स्थानक हातो रे. चोली तिथून जवळ.

किल्लेदार: एका स्थानकासाठी टॅक्सी सोडून ट्रेन? काहीही! सरळ दारापर्यंत टॅक्सी करा.

कॅरिबियन_काका: जाताना करा हो. कार्यक्रम सुटल्यावर हजारो लोक एकदम उबर शोधतात तेव्हा कळतं.

बाउन्सर: अवांतर: क्लेमेंते बेसबॉलपटू. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना ३१ डिसेंबर १९७२ ला विमान कोसळून गेला. आग्रेलोत तर विनोदी नट! आपल्याकडे पुढारी सोडून कोणाचं नाव देतील का?

सुमेधाताई: शाकाहारी असाल तर मोफोंगो विचारून घ्या. असतो कच्च्या केळ्यांचा, पण आत डुकराची तळलेली चामडी घालतात.

अम्या_जर्सी: मी सगळं खातो. परतीची शेवटची ट्रेन किती वाजता?

किल्लेदार: कार्यक्रम कुठल्या दिवशी आहे?