मदत हवी आहे: बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, कसं समजावू?

राजेंद्रनगर_इंदूर:
जरा लवकर सांगा. बाबांच्या सकाळच्या ग्रुपवर मेसेज आला की या गोळीने २५ टक्के लोकांना डायबेटिस होतो. झालं, गोळी बंद! म्हणतात, "चारातला एक मीच नसेन कशावरून?" मी लिंक दाखवली तर म्हणे तुझंही मोबाइलवरचंच. डॉक्टर सोमवारी येणार. काय दाखवू?

काटजू_कॉलनी:
कोणती गोळी? किती एमजी? वय? हृदयाचा त्रास आधीपासून आहे का? यातलं काहीच माहीत नसताना काय सांगायचं?

सराफ्याचा_शौकीन:
अर्जुनाची साल दुधात उकळून द्या. आमचे मामा वर्षानुवर्षं घेतात, ठणठणीत आहेत.

काटजू_कॉलनी:
साल घेऊनही जे गेले, ते इथे लिहायला येत नाहीत.

सराफ्याचा_शौकीन:
मामांबद्दल नीट बोला भिया!

छप्पनवाली:
आधी त्यांचे गराडू बंद करा. आणि ग्रुप म्यूट करायचा असेल तर नावावर दाबून धरा.

राजेंद्रनगर_इंदूर:
म्यूट कोणी विचारलं? रोसुवास्टॅटिन २०, वय ६८, स्टेंट आहे. म्हणून तर घाई!

एमओजी_लाइनच्या_काकू:
स्टेंट आहे हे पहिल्या ओळीत हवं होतं हो. तो २५ बहुधा २००८ च्या ज्युपिटर नावाच्या औषध-चाचणीतला. गोळी हीच, डोसही हाच. औषध नसलेल्या नुसत्या गोळीवाल्यांत २.४ टक्क्यांना डायबेटिस निघाला, औषधवाल्यांत ३ टक्क्यांना. हजारात २४ चे ३० झाले. सहा जण वाढले, ते चोविसाच्या पावपट, म्हणून २५ टक्के. मेसेजवाल्याने "२५ टक्क्यांनी जास्त"चं "२५ टक्के लोकांना" करून टाकलं.

काटजू_कॉलनी:
मग फायद्याचंही तसंच सांगा ना. त्याच चाचणीतला "धोका ४४ टक्क्यांनी कमी" सगळे मिरवतात. अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं धरून हजारात २८ चे १६ झाले, तेही साधारण दोन वर्षांत. तोटा हजारात मोजायचा आणि फायदा टक्क्यांत, हे चालणार नाही.

एमओजी_लाइनच्या_काकू:
मान्य. पण त्या चाचणीत हृदयविकार नसलेलेच लोक घेतले होते. स्टेंटवाल्याचा मूळ धोकाच मोठा, त्यामुळे फायद्याचा आकडाही मोठा.

सराफ्याचा_शौकीन:
सगळे आकडे कंपन्यांचेच.

काटजू_कॉलनी:
ही चाचणी कंपनीच्याच पैशाने झाली, खरंय. पण त्या ग्रुपवरच्या मेसेजातला २५ पण तिथलाच. तो बरा चालतो!

राजेंद्रनगर_इंदूर:
कागदावर २४ आणि ३० लिहून दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "ते सहा जण कोण, ते सांग."

एमओजी_लाइनच्या_काकू:
बाबांनी बरोबर विचारलं. बहुतेक ज्यांची साखर आधीच काठावर होती, वजन जास्त होतं, असे. २०१२ मध्ये तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा हे दिसलं. ज्यांना असं काहीच नव्हतं, त्यांच्यात डायबेटिस वाढला नाही. बाबांची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, किती?

राजेंद्रनगर_इंदूर:
६.१, म्हणजे काठावरच. आता हे त्यांना सांगू की नको?

एमओजी_लाइनच्या_काकू:
सांगा. लपवलंत तर पुढचा मेसेज सांगेल. साखर तपासत राहता येते, पण स्टेंट असताना गोळी परस्पर बंद करणं भारी पडू शकतं. सोमवारची वाट नको, आजच दवाखान्यात फोन लावा.