मेगामॅनच्या त्या कव्हरला क्लासिक कोण म्हणतंय रे?

रंकाळा८बिट:
ग्रुपवर कुणीतरी मेगामॅन या व्हिडिओ गेमचं १९८७ चं अमेरिकन कव्हर टाकलं आणि खाली लिहिलं 'क्लासिक'. काय क्लासिक आहे त्यात? जपानात हाच गेम रॉकमॅन नावानं आला, तिथं कव्हरवर निळं गुटगुटीत रोबो पोरगं. अमेरिकेत त्याचा चाळिशीतला काका केलाय, पिवळा-निळा सूट, पोटात कळ आल्यागत वाकलेले गुडघे आणि हातात पिस्तूल! अरे गेममध्ये त्याचा हातच बंदूक आहे, पिस्तूल आलं कुठनं? वर मागं ताडाची झाडं. डब्यावर दाखवलं ते आत पायजे, नायतर ती सरळ फसवणूक.

शाहूपुरीकर:
भावा, मग अटारीवाल्यांनी काय करायचं होतं? १९७७ ला अटारी २६०० हे टीव्हीला जोडायचं गेम मशीन आलं तेव्हा त्यावरच्या कॉम्बॅट गेममधला रणगाडा म्हणजे नुसते चौकोनी ठोकळे. तेच छापलं असतं तर कुत्रं विचारलं नसतं. क्लिफ स्पोननं कव्हरवर रणगाडे, विमानं अशी रंगवली की पोरं ठोकळे बघत बघत डोक्यात युद्ध खेळायची. सुपर ब्रेकआउटमध्ये चेंडू भिंतीवर आपटायचा बास, कव्हरवर अंतराळवीर! मला आवडतं ते, लई आवडतं.

रंकाळा८बिट:
स्पोनचं चित्र भारी आहे, त्यावर वाद नाही, ते बघून खेळावंसं वाटतं. पण १९८५ ला निन्टेंडोनं सुपर मारिओच्या कव्हरवर गेममधला ठोकळ्याठोकळ्यांचा पिक्सेलवालाच मारिओ छापला, लाव्हावर उडी मारताना, आणि गेम खपलाच की.

बँजोप्रेमी:
फॅलँक्स कुणी बघितलाय का? सुपर निन्टेंडोवरचा, अंतराळात यान घेऊन गोळीबार करायचा गेम. अमेरिकन कव्हरवर दाढीवाला म्हातारा बसून बँजो वाजवतोय, मागं लांब बारकं यान. जाहिरातवाल्यांनी मुद्दाम केलं, दुकानात शंभर यानांच्या गर्दीत उठून दिसावं म्हणून. नाद खुळा आयडिया. आजबी सगळ्यांना तो म्हातारा आठवतो.

रंकाळा८बिट:
म्हातारा आठवतो, गेम कुणाला आठवतोय? कव्हरनं गेमच खाल्ला.

लक्ष्मीपुरी_कॅसेट:
तुम्ही अमेरिकेचं कशाला सांगताय, आपल्या टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटी विसरला काय. स्टिकरवर '९९९९ इन वन', वर मारामारी करणारे चार पैलवान, मोटरसायकल, डायनासोर. घरी लावली की रणगाड्यांचा गेम, काँट्रा आणि मारिओच फिरून फिरून, नुसती नावं बदललेली. आणि दुकानदार परत घ्यायला तयार नाही. रंकाळाशी मी शंभर टक्के सहमत.
आणि एक, आपण बाबूराव पेंटरांच्या गावचे लोक. ते १९२० च्या दशकात स्वतः सिनेमा काढायचे आणि पोस्टरबी स्वतःच रंगवायचे, म्हणून पोस्टर आणि पडदा एकमेकांना धरून असायचे. मेगामॅनचं कव्हर काढणाऱ्याला निदान गेम दहा मिनिटं खेळायला तरी द्यायचा होता.

शाहूपुरीकर:
पण बघ की, २०१२ ला मेगामॅन काढणाऱ्या कॅपकॉमनंच त्या कव्हरवरच्या काकाला, ढेरपोट्या करून, स्ट्रीट फायटर एक्स टेकन या मारामारीच्या गेममध्ये खेळाडू म्हणून घेतला. कंपनीलाच तो आवडतोय तर तू कशाला तापतोयस?

रंकाळा८बिट:
स्वतःच्याच घाणीवर कंपनी हसली म्हणून चित्र चांगलं होत नाही. दोन्ही कव्हर शेजारी शेजारी ठेव आणि मला सांग तू कुठला डबा उचलला असतास.